पायथनच्या गाभ्याला पहिला हात लावताना

पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा उघडा, 'पुणे' हा शब्द लिहा आणि त्यावर 'इझअल्फा' चालवा. शब्दात सगळी अक्षरंच आहेत ना, एवढंच ते तपासतं. उत्तर येतं 'फॉल्स', म्हणजे 'नाही'.

मला हे सापडलं तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते. कर्वेनगरच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये बसून मी एका फॉर्ममधली मराठी नावं तपासणारा कोड लिहीत होतो. 'कमल' पास होत होती, 'सुनीता' आणि 'मोहन' नापास. मी खुर्चीतून उठलोच. जगभर चालणाऱ्या भाषेत मला बग सापडला होता! दहा मिनिटांत पायथन सांभाळणाऱ्यांकडे इश्यू, म्हणजे तक्रार, लिहून टाकला, मथळ्यात 'अर्जंट' घालून.

सकाळी उत्तर आलेलं होतं. सभ्य आणि चार ओळींचं. उकार, वेलांट्या, मात्रा हे युनिकोडच्या, म्हणजे जगातल्या लिप्यांना संगणकात क्रमांक देणाऱ्या मानकाच्या, हिशेबात 'अक्षर' नसतात, 'चिन्ह' असतात. 'इझअल्फा' फक्त 'अक्षर' या गटात मोडतं तेवढंच मोजतं, आणि हे डॉक्युमेंटेशनमध्ये स्पष्ट लिहिलेलं आहे. रेग्युलर एक्स्प्रेशनमधल्या, म्हणजे मजकुरातले नमुने शोधण्याच्या सोयीतल्या, 'शब्दातलं अक्षर' शोधणाऱ्या खुणेचीही तीच गत, आणि तो विषय तर २०११ सालीच कोणीतरी काढून ठेवला होता. त्याच वर्षी पुण्यात पायकॉन इंडिया हे पायथनवाल्यांचं संमेलन भरलं होतं, म्हणजे जुनी गोष्ट. इश्यू बंद.

लाज वाटली ती चुकल्याची नव्हे. उत्तर देणाऱ्या माणसाने फुकट, स्वतःच्या वेळेतून, मला वाचून दाखवलं होतं, जे मी स्वतः वाचू शकलो असतो. त्यानंतर मी प्रत्येक पायरीवर एकच प्रश्न विचारत आलोय: यामुळे समोरच्याचं काम कमी होतंय की वाढतंय? पायथनमध्ये स्वतःचा पहिला बदल घालण्याच्या खालच्या पायऱ्या त्याच हिशेबाने लावल्यात. मी पायथनच्या मुख्य प्रकल्पाबद्दल, म्हणजे सीपायथनबद्दल लिहितोय. इतर भाषांच्या प्रकल्पांत बॉटांची, म्हणजे आपोआप कामं करणाऱ्या प्रोग्रॅमांची, नावं वेगळी असतील, स्वभाव तोच. आज्ञा मी उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत, टर्मिनलमध्ये अर्थातच रोमनमध्ये टाइप करा.

१. आधी घर फिरून बघा

रेपो, म्हणजे गिटहब या साइटवरचं प्रकल्पाच्या कोडचं कोठार, उघडल्यावर फोल्डरांची रांग दिसते आणि नवा माणूस थेट सी भाषेतल्या फायलीत शिरून गुदमरतो. तसं करू नका.

'लिब' या फोल्डरमध्ये स्टँडर्ड लायब्ररी आहे, म्हणजे आपण रोज इम्पोर्ट करतो ती मोड्यूल्स, बहुतेक पायथनमध्येच लिहिलेली. 'लिब' च्या आत 'टेस्ट'. 'डॉक' मध्ये डॉक्युमेंटेशन. या तीन ठिकाणी तुम्हाला पहिले सहा महिने पुरेल एवढं काम आहे. 'मोड्यूल्स' मध्ये सीमध्ये लिहिलेली मोड्यूल्स, 'ऑब्जेक्ट्स' मध्ये लिस्ट, डिक्शनरी, स्ट्रिंग यांची अंमलबजावणी, 'पायथन' नावाच्या फोल्डरमध्ये कंपायलर आणि इंटरप्रिटरचं मुख्य चक्र, 'ग्रामर' मध्ये भाषेचं व्याकरण. उत्सुकता असेल तर 'ऑब्जेक्ट्स' मधली लिस्टची फाइल रविवारी सकाळी वाचायला घ्या. आपण ज्याला साधं 'अपेंड' म्हणतो त्यामागे मेमरी थोडी जास्तीची कशी घेऊन ठेवतात, ते तिथे कळतं. पण वाचायलाच. बदलायला नको.

इतिहास १९९० पासूनचा आहे. पायथनचे जनक ग्वीदो व्हान रॉसम यांची पहिली कमिट, म्हणजे कोडमधल्या बदलाची नोंद, त्या वर्षीच्या ऑगस्टमधली, भाषा जगासमोर आली १९९१ मध्ये. (त्याच १९९१ मध्ये आपल्या इथे सी-डॅकने परम ८००० उभा केला. उगाच सांगितलं, पण पुणेकराला सांगितल्याशिवाय राहवत नाही.) २०१८ मध्ये ग्वीदो 'अंतिम शब्द माझा' या पदावरून उतरले आणि आता पाच जणांचं निवडून आलेलं स्टीअरिंग कौन्सिल कारभार बघतं.

हे सांगण्याचं कारण असं की भाषेतच बदल हवा असेल, उदाहरणार्थ कोडमध्ये १२ हा आकडा देवनागरीत लिहिता यावा, तर ते पुल रिक्वेस्टचं, म्हणजे 'माझा बदल आत घ्या' अशा विनंतीचं, काम नाही. त्याला 'पेप' नावाचा सविस्तर प्रस्ताव लागतो, त्याला पाठीशी एखादा कोअर डेव्हलपर, म्हणजे बदल आत घेण्याचा अधिकार असलेला माणूस, लागतो, आणि मग कौन्सिल. सध्या असं आहे की व्हेरिएबलचं नाव मराठीत चालतं, 'इंट' ला अवतरणात '१२३' दिलं तर ते गुमान १२३ समजतं, पण कोडमध्ये नुसतं १२३ देवनागरीत लिहिलं की सिंटॅक्स एरर. यावर चहासोबत वाद घाला, पहिल्या महिन्यात प्रस्ताव लिहू नका.

२. कागदपत्रं आणि सामान

ही पायरी सगळे गाळतात, आणि नोकरी करणाऱ्यांना नेमकी हीच महागात पडते.

• तुमचं ऑफर लेटर आणि त्यासोबतचा करार. 'नोकरीच्या काळात तयार केलेलं सर्व काही कंपनीच्या मालकीचं' अशा अर्थाचं कलम शोधा.
• कंपनीची लेखी परवानगी. ई-मेल चालेल, तोंडी होकार चालणार नाही.
• गिटहबचं खातं, टू-फॅक्टर चालू केलेलं, आणि स्वतःचा खासगी ई-मेल.
• योगदानकर्त्याचा परवाना करार, ज्याला सगळे 'सीएलए' म्हणतात. आधी काही करायचं नाही. पहिल्या पुल रिक्वेस्टवर बॉटच दुवा देतो.
• स्वतःचा लॅपटॉप. ऑफिसचा नव्हे.

पहिल्या दोन मुद्द्यांवर थोडं थांबतो. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातल्या सतराव्या कलमानुसार नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा हक्क, वेगळा करार नसेल तर, मालकाचा असतो. शनिवारी घरी बसून केलेलं काम 'नोकरीचा भाग' ठरतं का, हा वाद तुमचा करार किती ऐसपैस लिहिलाय त्यावर जातो. आणि हिंजवडीतले करार ऐसपैसच असतात. सीएलएवर सही करताना तुम्ही पायथन सॉफ्टवेअर फाउंडेशनला सांगत असता की हा कोड देण्याचा अधिकार माझा आहे. कॉपीराइट तुमच्याकडेच राहतो, तुम्ही फक्त वापराची परवानगी देता. पण मुळात तो तुमचा असायला तर हवा.

मी आमच्या एचआरला मेल टाकला तेव्हा तीन आठवडे उत्तर आलं नाही. मग मॅनेजरला गाठून कॅन्टीनमध्ये समजावलं: आपल्या उत्पादनाशी संबंध नाही, ऑफिसचा वेळ नाही, ऑफिसचं मशीन नाही. त्यांनी ही तीन वाक्यं जशीच्या तशी मेलमध्ये लिहून होकार दिला. तुम्हीही तीच तीन वाक्यं वापरा. असा मेल मागणं म्हणजे झोपलेल्याला उठवणं, असं काही मित्र म्हणतात. मला ते पटत नाही. उठायचा तो नंतर उठलाच तर जास्त चिडून उठतो.

सापळा: ऑफिसच्या कामासाठी गिटमध्ये, म्हणजे कोडमधल्या बदलांच्या नोंदी ठेवणाऱ्या साधनात, कंपनीचा ई-मेल घातलेला असतो आणि तोच तुमच्या कमिटवर उमटतो. सीएलएचा बॉट कमिटवरचा ई-मेल तपासतो, तो जुळत नाही आणि तुम्ही 'सही तर केली होती' म्हणत बसता. शिवाय तो पत्ता जगजाहीर होतो तो कायमचा. क्लोन केल्यावर, म्हणजे रेपोची प्रत मशीनवर उतरवल्यावर, पहिलं काम म्हणून त्या फोल्डरपुरता 'गिट कॉन्फिग युजर ई-मेल' बदला.

मशीनबद्दल: आठ जीबी रॅम असेल तर भागतं. माझ्या जुन्या लॅपटॉपला मी तपकीर गल्लीतून एक रॅम घेऊन घातली आणि तेवढ्यात काम झालं. नवं मशीन घ्यायचं निमित्त शोधत असाल तर तो वेगळा विषय.

३. बिल्ड

बिल्ड म्हणजे कोडपासून चालतं पायथन तयार करणं. मुख्य रेपो स्वतःच्या खात्यात फोर्क करा, म्हणजे त्याची स्वतःची प्रत काढा, फोर्क क्लोन करा, आणि मूळ रेपो 'अपस्ट्रीम' नावाने जोडा. विंडोजवर डब्ल्यूएसएल, म्हणजे विंडोजच्या आत चालणारं लिनक्स, वापरत असाल तर क्लोन लिनक्सच्या होम फोल्डरमध्ये करा. सी ड्राइव्हवर केलंत तर प्रत्येक बिल्ड पीएमटीच्या बसची वाट बघितल्यासारखं वाटेल.

उबुंटूवर बिल्डची साधनं आणि ओपनएसएसएल, झेडलिब, लिबएफएफआय, एसक्यूलाइट, रीडलाइन यांची डेव्हलपमेंट पॅकेजेस आधी घाला. मग 'कॉन्फिगर' चालवा, त्याला 'विथ पायडीबग' हा पर्याय देऊन. याने आतल्या जादा तपासण्या चालू होतात. वेग कमी होतो, पण चूक जिथली तिथे पकडली जाते. त्यानंतर 'मेक', आणि त्याला 'जे' देऊन जितके कोअर असतील तितका आकडा.

बिल्ड संपल्यावर शेवटच्या ओळी वाचा. 'ही मोड्यूल्स बांधायला लागणारं सापडलं नाही' अशी एक यादी तिथे येते. मी ती वाचली नाही. मग एसएसएलच्या टेस्ट गळत होत्या आणि मी दोन संध्याकाळी पायथनला दोष देत होतो.

मॅकवाल्यांसाठी: तयार झालेल्या फाइलचं नाव 'पायथन डॉट ईएक्सई' दिसेल. घाबरू नका, विंडोज घुसलेलं नाही. रेपोत 'पायथन' नावाचं फोल्डर आहे आणि मॅकची फाइल सिस्टिम कॅपिटल-स्मॉल असा भेद करत नाही, म्हणून नाव वेगळं ठेवलंय.

आता सगळ्या टेस्ट एकदा चालवा: तयार झालेलं पायथन, 'डॅश एम टेस्ट', आणि 'जे शून्य', म्हणजे सगळे कोअर वापर. माझ्याकडे पाऊण तास लागला. तुम्ही काहीही बदललेलं नसताना एखाददुसरी टेस्ट गळली तर तिचं नाव लिहून ठेवा. पुढे तीच टेस्ट गळली की तुमचा दोष नाही हे माहीत असेल.

४. काम शोधा, पण मागू नका

इश्यूंच्या यादीत 'इझी' असं लेबल असतं. ते लावलेले इश्यू तासाभरात उचलले जातात, विशेषतः कॉलेजच्या सुट्ट्यांत. त्यामागे पळू नका.

आणि इथे आपल्याकडच्या मुलांना, म्हणजे पीआयसीटी, व्हीआयटी, सीओईपी या पुण्यातल्या कॉलेजांतल्या सगळ्यांनाच, हात जोडून सांगणं आहे: 'सर, प्लीज असाइन मी धिस इश्यू' असं लिहू नका. हा प्रकल्प नवख्यांना इश्यू वाटून देत नाही. त्या एका ओळीने इश्यूवर लक्ष ठेवून असलेल्या प्रत्येकाला सूचना जाते, आणि त्यातून कोणालाच काही मिळत नाही. करायचं असेल तर करून दाखवा. तसंच 'रिस्पेक्टेड सर' आणि 'काइंडली डू द नीडफुल' कॉलेजच्या अर्जात ठेवून या. तिकडे समोर बाईही असू शकतात, आणि सगळे एकमेकांना पहिल्या नावाने हाक मारतात. सर्टिफिकेट मिळत नाही, तेही आधीच सांगून ठेवतो.

माझ्या मते नवख्याला तीन जागा बऱ्या. एक, तुम्ही रोज वापरता त्या मोड्यूलचं डॉक्युमेंटेशन सावकाश वाचा. दिलेलं उदाहरण चालवून बघा आणि आलेलं उत्तर पानावरच्या उत्तराशी ताडून बघा. माझा पहिला स्वीकारलेला बदल असाच सापडला. दोन ओळींचा होता. दोन, जुने इश्यू, ज्यांवर वर्षभर कोणी बोललेलं नाही. तो बग आजच्या 'मेन' ब्रांचवर, म्हणजे कोडच्या मुख्य फांदीवर, अजून घडतो का, एवढंच तपासून लिहिलंत तरी कोणाचा तरी अर्धा तास वाचला. तीन, दुसऱ्यांच्या पुल रिक्वेस्ट आपल्या मशीनवर चालवून बघणं. हे कोणी करत नाही आणि सगळ्यांना हवं असतं.

नकोत ती कामं: सिंगल कोट्सचे डबल कोट्स करणं, ओळी नीट लावणं, जुना चालता कोड 'आधुनिक' करणं. निव्वळ दिखाऊ बदल इथे घेत नाहीत. एआयकडून लिहून घेतलेला आणि तुम्हाला स्वतःला समजावून सांगता न येणारा बदलही टाकू नका. साधन म्हणून वापरायला मनाई नाही, पण जबाबदारी तुमची, आणि वेळ खाणारी पुल रिक्वेस्ट मेंटेनर, म्हणजे प्रकल्प सांभाळणारे, सरळ बंद करू शकतात.

सुरक्षेतलं भगदाड सापडलं तर उघड इश्यू लिहायचाच नाही. त्यासाठी वेगळं पथक आणि वेगळा ई-मेल आहे.

५. बग पकडून दाखवा

सगळ्यात जास्त शिकायला मिळतं ते इथे, म्हणून जरा सविस्तर.

समजा इश्यूत कोणी लिहिलंय की अमुक मोड्यूल अमुक फाइल वाचताना कोसळतं. सोबत त्याचा दोनशे ओळींचा प्रोग्रॅम आहे. तुमचं काम तो दहा ओळींवर आणण्याचं. एकेक ओळ उडवा, चालवा. बग अजून घडतोय? अजून उडवा. बग गायब झाला? शेवटची उडवलेली ओळ परत आणा. नेटवर्क, डेटाबेस, बाहेरच्या लायब्ररी सगळं निघून गेलं पाहिजे. हे काम डाळ निवडण्यासारखं आहे, कंटाळवाणं आणि हाताला सवय झाली की भराभर होणारं. शेवटी उरतात त्या पाच-दहा ओळी, आणि बऱ्याचदा त्या बघताच कारण दिसतं.

पुढची पायरी बायसेक्ट. जुन्या आवृत्तीत चालत होतं, नव्यात बिघडलं; मग नेमक्या कुठल्या कमिटने बिघडवलं? 'गिट बायसेक्ट' ला एक चांगली आणि एक वाईट कमिट सांगितली की ते मधली उचलून देतं. तुम्ही बिल्ड करायचं, तपासायचं, 'गुड' किंवा 'बॅड' म्हणायचं. दर वेळी उरलेल्यातलं निम्मं बाद. हजार कमिट असतील तर दहा फेऱ्यांत निकाल. हे आपोआप करायला 'बायसेक्ट रन' ला एक छोटी स्क्रिप्ट द्या: बिल्ड कर, त्या दहा ओळी चालव, ठीक असेल तर शून्य परत कर, बिघडलेलं असेल तर एक. मधलं एखादं बिल्डच झालं नाही तर १२५ परत करायचं. त्याचा अर्थ 'ही वगळ'. स्क्रिप्ट रेपोच्या बाहेर ठेवा. आत ठेवलीत तर कमिट बदलताना घोळ होतो.

मी हे पहिल्यांदा लावलं ते गुरुवारी. गुरुवारी लाइट जाते हे पुणेकराला सांगायला नको, पण मी घरून काम करत होतो आणि डोक्यात फक्त बायसेक्ट होतं. डेस्कटॉप, यूपीएस नाही, आठवी फेरी चालू. फटकन अंधार. दुपारी साडेतीनला लाइट आली तेव्हा पहिल्यापासून करायचं म्हणून वैतागून बसलो, आणि सहज 'गिट बायसेक्ट लॉग' टाइप केलं. सातही फेऱ्यांचे निकाल जसेच्या तसे होते. गिट ते आपल्या फोल्डरमध्येच लिहून ठेवत असतं. अर्धवट राहिलेलं बिल्ड साफ करून पुढच्या तीन फेऱ्या हाताने केल्या. सापडलेल्या कमिटचा क्रमांक इश्यूवर लिहिला, त्या दहा ओळी सोबत चिकटवल्या. दुरुस्ती मी केलीच नाही. ज्याने ती कमिट केली होती त्याने दुसऱ्या दिवशी स्वतःच केली. माझं नाव कोडमध्ये कुठेच नाही आणि तरी ते माझं सगळ्यात उपयोगी काम होतं असं मी मानतो.

६. बदल, टेस्ट आणि बातमीची चिठ्ठी

'मेन' वरून नवी ब्रांच काढा. एका ब्रांचमध्ये एकच काम. जाता जाता दिसलेली दुसरी चूक वहीत लिहा, हात लावू नका.

टेस्ट आधी लिहा आणि ती जुन्या कोडवर नापास होते हे डोळ्यांनी बघा. नापास न झालेली टेस्ट काहीच तपासत नाही. मग दुरुस्ती करा, आणि फक्त त्या मोड्यूलची टेस्ट चालवा, जसं 'डॅश एम टेस्ट टेस्ट-अंडरस्कोर-जेसन'. दर वेळी सगळ्या चालवत बसलात तर रात्र जाईल.

सापळा: काही फायली यंत्राने तयार केलेल्या असतात. 'क्लिनिक' नावाच्या फोल्डरांतल्या फायली, किंवा युनिकोडचे भलेमोठे तक्ते. मात्रांचं प्रकरण शोधताना मी अशाच एका तक्त्याच्या फायलीत शिरलो होतो. आकड्यांच्या हजारो ओळी. त्या हाताने बदलायच्या नसतात. अशा तक्त्यांना जन्म देणारी स्क्रिप्ट 'टूल्स' मध्ये असते, बदल तिथे करायचा आणि फाइल पुन्हा तयार करायची. फाइलच्या माथ्यावर तशी सूचना असते.

वापरणाऱ्याला जाणवेल असा बदल असेल तर बातमीची चिठ्ठी लागते. 'ब्लर्ब' नावाचं छोटं साधन पिप या पायथनच्या इन्स्टॉलरने घाला आणि 'ब्लर्ब ॲड' म्हणा. इश्यूचा क्रमांक आणि विभाग भरा, एकदोन वाक्यांत काय बदललं ते लिहा. चिठ्ठी वापरणाऱ्यासाठी असते, त्यामुळे 'अमुक फंक्शनमधली अट बदलली' असं नको. 'रिकामी फाइल दिली तर अमुक आता कोसळत नाही' असं लिहा. डॉक्युमेंटेशनच्या किरकोळ दुरुस्तीला चिठ्ठी लागत नाही.

७. पुल रिक्वेस्ट

मथळ्याची सुरुवात 'जीएच', डॅश, इश्यूचा क्रमांक आणि कोलन अशी. इश्यूच नसेल तर आधी तो काढा. नुसत्या टायपोला मात्र गरज नाही. वर्णनात काय आणि का, चार ओळी. निबंध नको.

पाठवल्या पाठवल्या बॉट येतात: सीएलएचा, लेबलं लावणारा. एकाचं नाव बेडेव्हिअर, दुसऱ्याचं मिस इस्लिंग्टन. माँटी पायथन या इंग्रज विनोदी मंडळींच्या पात्रांची नावं आहेत ही, भाषेचं नावही तिथूनच आलं. आपल्याकडे कोणी भाषा काढली तर बॉटांना चिमणराव आणि गुंड्याभाऊ म्हणता येईल.

पहिल्याच वेळी टेस्ट 'मंजुरीच्या प्रतीक्षेत' दिसतील. नव्या माणसाच्या टेस्ट कोणीतरी हाताने सुरू कराव्या लागतात, त्यात तुमचं काही चुकलेलं नाही. नंतर त्या लिनक्स, विंडोज आणि मॅकवर चालतात. विंडोजवर लाल दिसलं तर आधी फाइलच्या पाथमधला स्लॅश आणि ओळीचा शेवट हे दोन बघा.

दोन गोष्टी करू नका. 'अपडेट ब्रांच' हे बटण उगाच दाबू नका. सगळ्या टेस्ट परत धावतात आणि सगळ्यांना सूचना जातात. आणि फोर्स पुश, म्हणजे आधी पाठवलेल्या कमिट जबरदस्तीने बदलणं, करू नका. ऑफिसमध्ये आपल्याला कमिट इस्त्री करून द्यायची सवय असते, पण इथे मर्ज करताना, म्हणजे बदल मुख्य कोडमध्ये घेताना, सगळ्या कमिटांची एकच होते. फोर्स पुश केलंत तर रिव्ह्यू करणाऱ्याला मागच्या वेळेपासून काय बदललं ते दिसत नाही आणि त्याला पहिल्यापासून वाचावं लागतं.

८. वाट बघा

अवघड पायरी हीच. बरेचसे रिव्ह्यू करणारे युरोप-अमेरिकेत असतात, त्यामुळे आपली संध्याकाळ म्हणजे तिकडची दुपार किंवा सकाळ. कधी त्याच रात्री उत्तर येतं, कधी दोन महिने नाही. मी महिनाभर थांबतो आणि मग एकच सभ्य ओळ लिहितो. एकेका माणसाला नाव घेऊन टॅग करत सुटू नका.

बदल सुचवले गेले तर ते करा आणि नंतर ठरलेलं वाक्य लिहा: 'आय हॅव मेड द रिक्वेस्टेड चेंजेस; प्लीज रिव्ह्यू अगेन'. शब्द असेच हवेत, कारण ते वाचून बॉट लेबल बदलतो. मी आपला 'डन' एवढंच लिहून तीन आठवडे बसलो होतो. पुल रिक्वेस्टवर लेबल 'बदलांची वाट' असंच लटकलेलं आणि रिव्ह्यू करणाऱ्याच्या यादीत मी नव्हतोच.

सूचना पटली नाही तर कारण देऊन सांगा. 'ठीक आहे सर' म्हणून चुकीचा बदल करणं हा आपला खास रोग. माझ्या एका पुल रिक्वेस्टवर मी असाच मान डोलावून बदल केला, आणि दुसऱ्या मेंटेनरने येऊन विचारलं, 'आधीचं बरोबर होतं, का बदललंस?' उत्तर नव्हतं माझ्याकडे.

या दिवसांत एकटं वाटतं, तर पायथन पुणे गटाच्या भेटींना जा. तिथे चहाच्या वेळी कोणाच्या तरी लॅपटॉपवर तुमचा बदल उघडून दाखवलात तर पाच मिनिटांत जे कळतं ते घरी पाच दिवसांत कळत नाही.

९. मर्ज झाल्यावर

बग दुरुस्ती असेल तर ती 'मेन' मध्ये गेल्यावर चालू आवृत्त्यांच्या ब्रांचमध्येही जाते. मेंटेनर लेबल लावतात, मिस इस्लिंग्टन नकल करून नवी पुल रिक्वेस्ट काढते. काही वेळा तिला जमत नाही, कॉन्फ्लिक्ट येतो. तेव्हा 'चेरी पिकर' नावाचं साधन घेऊन तुम्हीच ते करून दिलंत तर मेंटेनर तुम्हाला लक्षात ठेवतात.

नवी सोय घातली असेल तर वेळापत्रक बघा. दर वर्षी ऑक्टोबरमध्ये नवी आवृत्ती येते, आणि साधारण मे महिन्यात पहिली बीटा, म्हणजे चाचणीची आवृत्ती, निघाली की नव्या सोयींना दार बंद. जूनमध्ये मर्ज झालेली सोय पुढच्या वर्षीच्या दिवाळीच्या आसपास लोकांच्या हातात पडते. बग दुरुस्तीला हा नियम नाही.

शेवटचं काम विसरू नका. 'मिस्क' फोल्डरमध्ये 'ॲक्स' नावाची फाइल आहे, आजवर हातभार लावलेल्यांच्या नावांची. त्यात स्वतःचं नाव त्याच पुल रिक्वेस्टमध्ये घाला. टायपोपुरता बदल असेल तर नको, थोडं डोकं लागलेलं असेल तर खुशाल. यादी आडनावाच्या वर्णक्रमाने आहे. मी आपल्या शाळेच्या हजेरीपटाच्या सवयीने पहिल्या नावाने शोधून जागा पकडली होती. दोन फायली, चौदा ओळी आणि एक टेस्ट एवढा बदल होता तो, आणि अख्ख्या रिव्ह्यूत एकच सूचना आली: नाव खाली सरकवा.